बिदरच्या माळावरचा फाल्गुन

बिदरच्या पठारावर वसंत कोरडाच येतो. शेवटचा पाऊस होऊन चार महिने उलटलेले असतात आणि पुढचा यायला तीन महिने बाकी असतात. विहिरींचं पाणी खाली गेलेलं असतं, माळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. नेमक्या याच दिवसांत पळस फुलतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटते, आंब्याच्या मोहोरात बारीक कैऱ्या धरतात आणि काळविटाचे नर माळावर आपापली जागा धरून उभे राहतात. गुलबर्ग्यातल्या आमच्या निसर्गमंडळाची मोठी सहल म्हणूनच महाशिवरात्र आणि होळी यांच्या मधल्या एखाद्या रविवारी असते.

मंडळ लहान आहे. निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक, बँकेतली आणि शाळांतली काही मंडळी, मेडिकल कॉलेजातली दोन-तीन मुलं, आईवडिलांबरोबर येणारी शाळकरी पोरं. बोलणं मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्हींत चालतं. पक्ष्याचं नाव ज्याला ज्या भाषेत आधी सुचेल, तो त्या भाषेत सांगतो, आणि बाकीचे आपापल्या भाषेतलं नाव त्याला जोडतात.

या खेपेला आम्हाला बोलावणं आलं ते होन्नीकेरीच्या राखीव जंगलाच्या बाजूला असलेल्या एका जुन्या घराच्या शेतावरून. शेत म्हणायचं ते सवयीने. जमीन सुधारणा कायद्यातून आणि भावाभावांच्या वाटण्यांतून उरलेली ती एका वतनदार घराची जमीन आहे. वर जांभ्याचा सपाट माळ, मग झुडपांनी भरलेली उतरण, खाली काळं रान, मध्ये आमराई, बारव, गोठा आणि दगडी वाडा. आता ती सगळी जमीन घरातल्या काकू पाहतात. त्यांचा भाचा आमच्या मंडळात आहे. ‘पळस फुललाय, काळवीटही आहेत, यायचं तर आता या,’ असा काकूंचा निरोप त्यानेच आणला.

पहाटे क्रूझर गाडी गुलबर्ग्याहून निघाली ती हुमनाबादच्या रस्त्याने. दिव्यांच्या उजेडात दोन्ही बाजूंना तुराट्यांचे ढीग दिसत होते. गुलबर्गा हा तुरीचा जिल्हा; इथल्या तुरीच्या डाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कमलापूर आलं तेव्हा अंधारच होता, त्यामुळे तिथली प्रसिद्ध लाल केळी परतताना घ्यायची असं ठरलं. रस्ता इथून हळूहळू चढू लागतो.

या चढणीबद्दल प्राध्यापक सरांना फार बोलायचं असतं, आणि आम्हालाही ते दरवेळी ऐकायचं असतं. गुलबर्ग्याच्या दक्षिणेला शहाबाद. तिथला चुनखडक फरशी होऊन महाराष्ट्रातल्या लाखो घरांच्या ओसरीवर आणि ओट्यावर बसला आहे. गुलबर्ग्यापासून उत्तरेला निघालं की काळा बेसाल्ट लागतो आणि त्याच्यावर काळी माती. हुमनाबाद मागे टाकून बिदरकडे वळलं की त्या बेसाल्टवरच तांबड्या जांभ्याचं टोपण चढलेलं दिसतं. एवढ्या वाटेत जमिनीची तीन रूपं लागतात, आणि तिच्याबरोबर घराच्या भिंती, पिकं, विहिरी आणि झाडंही बदलतात. १३४७ साली गुलबर्ग्यात सुरू झालेल्या बहमनी सत्तेची राजधानी पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने बिदरला नेली. राजधानी उचलून इतक्या वर आणण्यात या जांभ्याचा वाटा किती मोठा होता, ते त्याच दिवशी पुढे आम्हाला पाण्याजवळ उभं राहून समजायचं होतं.

उजाडायच्या आत आम्ही माळावर पोचलो. काकूंचा गडी कंदील घेऊन बांधावर थांबला होता. त्याने एकच सूचना दिली: बसा, उभे राहू नका. आम्ही बांधाच्या आडोशाला ओळीने बसलो.

उजेड आला तसा माळ दिसू लागला. दूरवर एकही मोठं झाड नव्हतं. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, मध्ये मध्ये जांभ्याचे उघडे खडक, एखादी बोरीची जाळी, वारुळं. माळावर आधी आवाज आले, मग त्या आवाजांचे धनी दिसले. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढायचा, पंख मिटून शीळ घालत खाली झेपावायचा आणि जमिनीला टेकता टेकता पुन्हा वर उचलला जायचा. चिमणीएवढा पक्षी, पण त्याच्या खेळाने सगळं आकाश व्यापलं होतं. उताराकडून तित्तर ओरडत होते. एका उघड्या खडकावर धाविकाची जोडी होती. चार पावलं तुरुतुरु धावायचं, थांबायचं, वाकून किडा टिपायचा, पुन्हा धावायचं. हालला नाही की तो पक्षी मातीतून वेगळा काढताच येत नाही.

सूर्याची कड वर आली तेव्हा काळवीट दिसले. आधी माद्या: भुऱ्या, बिनशिंगाच्या, माना खाली घालून चरणाऱ्या. त्यांच्यात अजून रंग न भरलेले तरुण नर. आणि कळपापासून वेगळा, एका ठरावीक जागी उभा असलेला पूर्ण काळा नर. पोट आणि डोळ्यांभोवतीची कडी पांढरीशुभ्र, शिंगांना पीळ. त्याच्या पायाशी लेंड्यांचा जुना ढीग होता. त्या ढिगाने त्याच्या राज्याची हद्द ठरते. एक तरुण नर जवळ आला तसं त्याने नाक वर केलं, शिंगं पाठीवर टेकवली आणि ताठ पावलं टाकत तो त्याच्याकडे निघाला. मारामारी झालीच नाही. तरुण नराने ती चाल ओळखली आणि वाट बदलली.

वसंताच्या तोंडाशी काळविटांचा एक मोठा माजाचा हंगाम असतो. आता गाभण राहिलेल्या माद्या सुमारे सहा महिन्यांनी वितात, म्हणजे पाऊस पडून गवत कोवळं आणि भरपूर असतं तेव्हा. कोरड्या फाल्गुनात उभा असलेला तो काळा नर भाद्रपदातल्या हिरव्या गवताची तजवीज करत होता. मी दुर्बीण खाली ठेवली आणि बराच वेळ नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिले. हे जनावर ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत धावू शकतं. त्याला इतकं पळायला लावणारा चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. पाठलाग करणारा इथून गेला तरी हरणाच्या पायात तो वेग अजून आहे, आणि तो वापरता येईल अशी मोकळी जमीन या माळावर अजून आहे. या दोन गोष्टी एकत्र पाहायला मिळणं हे माझ्या भागातलं फार मोठं धन आहे, असं मला मनापासून वाटतं.

कळपाच्या पलीकडे गवतावरून हातभर उंचीने एक भोवत्या तरंगत गेला. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आपल्याकडे येतात आणि दख्खनच्या माळांवर टोळ खाऊन राहतात. झाडावर बसायची त्यांना गरज नाही. रात्री ते गवतातच जमिनीवर मुक्काम करतात, पुष्कळदा एकत्र. मार्चपासून त्यांची परतीची वाट सुरू होते. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. बिदर आणि गुलबर्गा हे तेव्हा त्याच संस्थानाचे जिल्हे. सर म्हणाले, त्या पाहणीनंतर राज्यं बदलली, १९५६ मध्ये हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले, गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. पण या पक्ष्यांच्या हिवाळ्याच्या पत्त्यात बदल झालेला नाही, आणि तो होऊ द्यायचा नसेल तर हे गवत राहायला हवं.

उन्हं चढू लागली तसं आम्ही माळ ओलांडून कड्याकडे निघालो. मोज्यांना आणि धोतराला कुसळं चिकटत होती. मुलांना सरांनी तिथेच खाली बसवलं आणि कुसळी गवताचं एक बी हातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला. बियाचं लांब शेपूट हळूहळू पीळ उलगडत फिरू लागलं. ओल लागली की ते फिरतं, वाळलं की उलट फिरतं, आणि असं फिरत फिरत टोकदार बी स्वतःला जमिनीत रोवून घेतं. पेरणारा कुणी नसताना हा माळ दरवर्षी पेरला जातो तो असा. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी, मधूनच चुरगाळलं की सुवास देणारं रोशा गवत. सर नावं सांगत गेले तसा आम्हाला सरसकट पिवळा वाटलेला माळ वेगवेगळ्या झुपक्यांचा दिसू लागला.

कड्याच्या खाली, झुडपांच्या उतरणीवर एक झरा आहे. त्याचं पाणी दगडी कुंडात पडतं आणि कुंडातून ओघळून खालच्या डबक्यात साठतं. काकू तिथे आमची वाट पाहत होत्या. साठी उलटलेल्या, उंच, डोक्यावर पदर, पायांत जाड वहाणा. त्यांनी तोंडावर बोट ठेवून आम्हाला थांबवलं आणि आकाशाकडे खूण केली. पखुर्ड्या येत होत्या. दोन दोन, चार चार अशा वेगाने आल्या, डबक्यावर एक फेरी मारली, जरा लांब उतरल्या आणि चालत पाण्यापर्यंत आल्या. घाईने पाणी पिऊन उडून गेल्या. एक नर मात्र मागे राहिला. तो पाण्यात शिरला आणि छाती-पोट पाण्यात घुसळू लागला. पखुर्डीच्या नराची पोटाखालची पिसं पाणी धरून ठेवतात. माळावरच्या पिल्लांपर्यंत तो उडत जातो आणि पिल्लं त्या पिसांतून पाणी शोषतात. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट समोर पाहताना आमच्यातल्या एका मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की तिला काय वाटतंय ते विचारावं लागलं नाही.

पक्षी गेल्यावर काकूंनी कुंडातलं पाणी आम्हाला प्यायला दिलं. फाल्गुनात, आजूबाजूच्या बोअर कोरड्या पडायला लागलेल्या असताना, हा झरा वाहतो कसा? उत्तर आमच्या डोक्यावर होतं. जांभा म्हणजे बेसाल्ट झिजून, कुजून तयार झालेला, लोखंडाने लाल झालेला, भोकाभोकांचा दगड. पावसाचं पाणी त्यातून खाली मुरतं. जांभ्याच्या तळाशी चिकण, फिकट मातीचा थर असतो, तिथे ते अडतं आणि आडवं सरकत पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. बिदरच्या कडेकडेने असे झरे आहेत आणि माणसांनी त्यांना देव मानलं आहे. गुरू नानकांच्या वास्तव्याच्या स्मृतीने पवित्र झालेला नानक झिरा, गुहेतल्या छातीभर पाण्यातून चालत ज्याचं दर्शन घ्यायचं तो झरणी नरसिंह, पापनाश महादेवाजवळचं पाणी, ही सगळी याच दगडाची देणगी.

राजांनीही हे ओळखलं होतं. पंधराव्या शतकात इराणी पद्धतीने बिदरच्या जांभ्याखालून बोगदे खोदून पाणी खेळवलं गेलं. नौबादची करेज आजही पाहता येते: ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी आणि त्यांना खालून जोडणारा, मंद उताराचा भुयारी पाट. जांभा खणताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, म्हणून किल्ल्याचा तिहेरी खंदकही याच दगडात कोरता आला. पुढे बरीदशाहीत अली बरीदने स्वतःसाठी चारी बाजूंनी खुली कबर बांधून घेतली ती एका आखीव बागेच्या मधोमध. या पठारावर बाग करणारा प्रत्येक राजा शेवटी माळावर मुरलेल्या पावसावर अवलंबून होता.

‘माझ्या सासऱ्यांना भूगोल कुणी शिकवला नव्हता,’ काकू म्हणाल्या. ‘ते म्हणायचे, नांगर लावायचा तर खालच्या काळ्या रानाला लावा. वरच्या लाल रानाला नांगर लागला की पहिल्या पावसात माती खाली येते आणि झरा गढूळ होतो. वरचं रान पाण्याचं आहे, आपलं नाही.’

माळाचं कुरण म्हणून त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक शिस्त चालत आली आहे. पावसाळाभर तिथे गुरं सोडत नाहीत. दिवाळीनंतर, गवताचं बी झडलं की एकदाच कापणी होते. तीही सगळ्या माळावर नाही. एक पट्टा दरवर्षी तसाच उभा ठेवायचा, पुढच्या वर्षी दुसरा. कापलेल्या गवताच्या गंज्या रचतात आणि त्यावर गोठ्यातली देवणी गुरं उन्हाळा काढतात. देवणी ही लातूर-बिदर पट्ट्याची जात: पूर्ण पांढरी बालंक्या, पांढऱ्या अंगाची पण काळ्या तोंडाची वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेली शेवेरा. गोठ्यात तिन्ही होत्या. गवताचा जीव मुळाशी असतो, शेंड्याला नाही. म्हणून वेळेवर आणि एकदाच कापलेलं गवत पुढच्या पावसात जोमाने येतं. तेच भर पावसात तुडवलं किंवा दरवर्षी पेटवलं तर चांगली गवतं हळूहळू जातात आणि काटेरी तण उरतं.

‘काळवीट पीक खात नाहीत का?’ आमच्यातल्या एकाने विचारलं. काकूंनी गोड करून सांगितलं नाही. ‘खातात. सोयाबीनचा कोंब खातात, हरभरा खातात, ज्वारी तुडवतात. शेजारच्या ज्या माणसाकडे तीन एकरच आहेत त्याला मी हरणं पाहून आनंद कर असं सांगू शकत नाही. आमच्याकडे वर कुरण आहे म्हणून त्यांचं निम्मं पोट तिथे भरतं. गावाचं गायरान शाबूत असतं तर सगळ्यांचंच नुकसान कमी झालं असतं.’ काळविटाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सर्वांत वरच्या अनुसूचीचं संरक्षण आहे. ते योग्यच आहे. पण कायदा हरणाला वाचवतो, त्याच्या पायाखालचं गवत वाचवायला गाव लागतं. झालेल्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळणं आणि गायरान राखणं या दोन्ही गोष्टी काळविटाच्या संरक्षणाचाच भाग धरायला हव्यात.

दुपारची जेवणं आमराईत झाली. ज्वारीची कडक भाकरी, एण्णेगाई, पुंडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट ताक आणि शेवटी माल्दी. शेतात सगळ्यांनी मिळून जेवणं हा या भागाचा जुना संस्कार आहे. ऐन हिवाळ्यातल्या वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसला, गुलबर्गा, बिदर, लातूर, धाराशिव या सगळ्या पट्ट्यातली गावं शेतात जाऊन भज्जी आणि आंबील खातात, आणि ज्याचं शेत नाही त्याला शेतवाला बोलावून नेतो. आमची निसर्गसहल मला त्याच रीतीतली वाटते. ज्याच्याकडे राखलेली जमीन आहे त्याने बोलवावं, बाकीच्यांनी जावं आणि त्या जमिनीची ओळख करून घ्यावी.

जेवणानंतर आम्ही उतरणीवरच्या पळसांखाली गेलो. झाडावर पान नव्हतं. काळसर फांद्यांवर फक्त केशरी फुलं होती, आणि फुलांत पक्ष्यांचा बाजार भरला होता. भोरड्यांचा मोठा थवा उतरला होता: गुलाबी अंग, काळं डोकं, सतत कलकलाट. मध्य आशियात घरटी करणारा हा पक्षी हिवाळाभर आपल्या ज्वारीवर राहतो, म्हणून शेतकऱ्याच्या गोफणीचा तो जुना धनी आहे. वसंतात मात्र तो पळस आणि काटेसावरीच्या फुलांवर येतो, मध पितो, आणि डोक्याला लागलेले पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. शिंजीर, कोतवाल, बुलबुल, खारी, सगळ्यांना त्या दिवशी पळसाने जेवू घातलं. एवढा मध उधळायला झाडाकडे पाणी कुठून येतं, असं एका मुलाने विचारलं, आणि तो दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न होता.

आपल्या कोरड्या प्रदेशातली पुष्कळ झाडं हिवाळ्याच्या शेवटी पानं टाकतात. पानांतून उडून जाणारं पाणी थांबतं. खोडात आणि खोल मुळांत साठलेल्या ओलीवर झाड मग फुलं काढतं आणि पाऊस येण्याच्या कितीतरी आधी, ऐन उन्हाच्या तोंडावर, नवी पालवी आणतं. दिवस मोठा होऊ लागला ही खूण त्यांना पुरते. ढगांची वाट न पाहता पालवण्यात फायदा असा की पहिला पाऊस पडतो तेव्हा झाड भरल्या पानांनी तयार असतं. पळस, पांगारा, काटेसावर, सोनसावर आधी फुलतात. चिंचोलीच्या जंगलात, गुलबर्गा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, हाच क्रम अजून मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळतो. २०११ साली अभयारण्य झालेलं ते सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं रान आणि चंद्रमपल्लीचं धरण, ही आमच्या मंडळाची दुसरी आवडती जागा. गुलबर्गा म्हणजे नुसतं ऊन आणि धूळ असं समजणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला या दिवसांत चिंचोलीला न्यावं.

परतताना आम्ही माळाच्या पलीकडच्या बाजूने गेलो. काकूंच्या हद्दीच्या कुंपणापलीकडे तसाच जांभ्याचा माळ होता, पण त्यावर काही वर्षांपूर्वी गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या ओळी लावलेल्या होत्या. गिरिपुष्प फुललं होतं, फिकट गुलाबी, दिसायला सुरेख. आम्ही तिथे थांबलो, कान दिले, जमिनीवर पाहिलं. गवत विरळ झालेलं होतं. चंडोल नव्हते, धाविक नव्हता, एकही लेंडी नव्हती. ज्यांनी ती झाडं लावली त्यांनी चांगल्या हेतूनेच लावली असतील. माळ पाहिला की आपल्याला तो उघडाबोडका वाटतो आणि त्याला झाडांनी झाकणं हे पुण्य वाटतं. देशातल्या पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघतात त्यांतही झुडपी माळ आणि चराऊ कुरणांचे काही प्रकार पडीक म्हणूनच मोजले जातात. एकदा जमीन पडीक ठरली की तिच्यावर वृक्षारोपण होतं, खाणी होतात, वसाहती होतात, सौरऊर्जेचे पट्टे उभे राहतात. ऊर्जाही हवी आणि झाडंही हवीत. प्रश्न जागेचा आहे.

आपल्या शेजारीच याचा धडा आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माणसाच्या कमरेएवढा तो पक्षी मोकळ्या माळाशिवाय जगत नाही. लांबवर दिसलं पाहिजे, जमिनीवर अंडं घालता आलं पाहिजे. एके काळी दख्खनच्या माळांवर सर्वत्र असलेला माळढोक आता आपल्या भागात दिसणं जवळजवळ संपलं आहे. शिकार, नांगर, विजेच्या तारा ही त्याची कारणं आहेत, आणि माळ माळ न राहणं हेही त्यातलंच एक. झाडं तोडली की आपल्याला दिसतं, आपण हळहळतो, मोर्चे काढतो. गवत गेलं की कुणाला कळत नाही, कारण ते होतं हेच कुणी नोंदवलेलं नसतं.

काकूंचं माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते एवढ्याचसाठी. त्यांच्या जमिनीत काळं रान आहे, आमराई आहे, बारव आहे; विचारलं तर कुणीही आमराईलाच त्या घराचं वैभव म्हणेल. पण त्या आमराईला लागणारं पाणी वरच्या माळावर मुरतं, गुरांचा चारा तिथे उगवतो, पिकावरचे टोळ खाणारे पक्षी तिथे राहतात. ज्या तुकड्यातून त्या घराने कधी एक पोतं धान्य काढलं नाही, त्या तुकड्यावर बाकी सगळी जमीन उभी आहे. हे ओळखून पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांगर न घालणं याला मी शेतीतलंच कर्तृत्व म्हणते.

कमलापूरला लाल केळी घेताना मंडळाची पुढच्या पावसाळ्याची चर्चा सुरू झाली. दरवर्षी जुलैत आम्ही झाडं लावतो आणि जागा मिळेल तिथे खड्डे घेतो. या वर्षी ठरलं ते असं: झाडं शाळांच्या आवारात, तलावांच्या बांधाबाहेर, रस्त्याच्या कडेला आणि जिथे जुनी आमराई पडली आहे तिथे लावायची, वड, पिंपळ, कडुलिंब, चिंच, आंबा, करंज अशी इथलीच लावायची. माळावर एकही खड्डा घ्यायचा नाही. माळासाठी वेगळं काम करायचं: बी झडायच्या दिवसांत मारवेल आणि पवन्याचं बी गोळा करून उघड्या पडलेल्या गायरानांवर टाकायचं, तिथली चराई दोन पावसाळे थांबवता येते का ते गावकऱ्यांशी बोलून पाहायचं, आणि हिवाळ्यात भोवत्यांच्या मुक्कामाच्या जागा नोंदवून वनखात्याला कळवायच्या.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडे माझी एक मागणी आहे. तुमच्या गावाला गायरान असेलच. कर्नाटकात त्याला गोमाळ म्हणतात. त्याची नोंद गावच्या दप्तरात असते. ती नोंद शोधून वाचा आणि होळीच्या आधी एखाद्या पहाटे त्या जमिनीवर जाऊन बसा. कोणतं गवत आहे, कोणते पक्षी आहेत, पाणी कुठे मुरतं, कुणाची गुरं तिथे जगतात, हे लिहून ठेवा. पुढे ग्रामसभेत ती जमीन कशासाठी तरी द्यायचा विषय निघेल आणि कुणीतरी म्हणेल की ती रिकामीच पडली आहे. त्या वेळी उठून उत्तर द्यायला गावात निदान एक माणूस असला पाहिजे, आणि त्याच्या हातात ती वही असली पाहिजे.